कांदिवली आधी कोण म्हणालं

पोलिसाची बायको म्हटलं की लोकांना तिच्याकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे ओळखीनं काम करून द्या, आणि दुसरी म्हणजे आत नेमकं काय चालतं ते सांगा. पहिली आमच्या ह्यांच्या हातात कधी नव्हती. शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, अजून थोडे पुढे सरकले आणि रिटायर झाले, त्यांची ओळख कुठवर चालणार? दुसरीबद्दल हे घरात बोलायचेच नाहीत. चोऱ्यांचा तपास करायच्या पथकात होते तेव्हा घरी आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, मग चहा. मी विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत. असाच संसार झाला आमचा, आणि वाईट झाला असं मी म्हणणार नाही.

रिटायर झाल्यावर हे दर रविवारी विहारात यायला लागले. ड्युटीमुळे आधी जमायचं नाही. पंचशील म्हणताना पहिल्या शिलाला ह्यांचा आवाज जरा खाली जातो असं मला वाटायचं. पहिलं शील हिंसा न करण्याचं. पण तेवढ्यावरून माणसाच्या पोटात शिरू नये, म्हणून तेही मी कधी विचारलं नाही.

आम्ही घाटकोपरला, पूर्वेला राहतो. चाळ पाडून बिल्डिंग झाली त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या समोरच्या दारात एक बाबा राहतात. मुलगा, सून आणि ते. सगळे त्यांना बाबाच म्हणतात. आयुष्यभर मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर उभं राहून काम. पत्नी गेली, आणि मग हळूहळू त्यांच्या डोक्यातलंही एकेक जायला लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग कारखाना कधीचाच बंद झालाय हे गेलं. रोज सकाळी उठून कपडे करायचे आणि ड्युटीला निघायचे. दार लावून घेतलं की आरडाओरडा. एकदा सुनेला चप्पल फेकून मारली. ती माझ्याकडे येऊन रडली नाही, हसली. म्हणाली, काकू, नेम अजून चांगला आहे हो.

मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. मग डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, आणि त्याच सुमारास नर्सिंग ब्युरोतून एक माणूस दिवसभर सांभाळायला यायला लागला. चाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. बायको आणि मुलगी गावाकडे, हा इकडे कांदिवलीला बहिणीच्या घरी राहायचा. गाव आमच्या हिंगोलीकडचं निघालं, म्हणून मी त्याला चहा द्यायची आणि तो मला मावशी म्हणायचा. मुलानं त्याला नियम घालून दिला होता. बाबांना सकाळी गल्लीच्या टोकाच्या बागेत न्यायचं, तासाभरानं परत आणायचं, त्यापलीकडे कुठं नाही.

महिना दीड महिना गेला आणि बाबा शांत झाले. ओरडणं नाही, दारावर धक्के नाहीत, दुपारी गाढ झोप. मुलगा म्हणाला, गोळी लागू पडली. डॉक्टरही तेच म्हणाले. मी तर विहारातल्या एका बाईंसाठी त्या गोळीचं नाव लिहून घेतलं.

मग थंडीच्या दिवसांतली ती दुपार. मी मेथी निवडत बसले होते. सून ऑफिसातून धावत आली, तिला त्या माणसाचा फोन गेला होता. तो एकटाच परत आला होता. बागेतल्या बाकावर बाबांना बसवलं, पाण्याची बाटली आणायला गेलो, वळून बघतो तर बाबा नाहीत, असं सांगत होता. बिल्डिंगमधले लोक बागेत गेले, आजूबाजूच्या गल्ल्या फिरले. बागेच्या माळ्यानं सांगितलं, आज ते आजोबा आलेलेच नाहीत.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटचा कॅमेरा लावून बघितला. सकाळी बाबा आणि तो माणूस रिक्षात बसताना स्पष्ट दिसत होते. रिक्षा स्टेशनकडे गेली. बाग उलट्या दिशेला, आणि तिथं कुणी रिक्षानं जात नाही.

म्हणजे तो खोटं बोलत होता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं सगळे हेच म्हणत राहिले आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. तो खोटंच बोलत होता.

सुनेला खरी भीती वेगळीच होती. बाबांना साखरेचं इंजेक्शन सुरू होतं. सकाळचं इंजेक्शन झालं होतं, आणि वर जेवण पोटात गेलं नाही तर साखर एकदम खाली येऊन माणूस रस्त्यात कोसळतो. कोसळलेल्या म्हाताऱ्याला मुंबईत लोक दारू प्यायलाय म्हणून ओलांडून जातात. ती सारखं घड्याळ बघत होती.

मुलगा पोलिसांत जाऊन आला. त्यांनी तक्रार घेतली, सगळीकडे कळवतो म्हणाले, आणि त्या माणसाला इकडे घेऊन या म्हणाले. मुलानं नेलं नाही. त्याला वाटलं, तिथं नेलं की कागद होणार, वेळ जाणार. त्यानं आणि सेक्रेटरींनी त्या माणसाला तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात बसवलं आणि दार ओढून घेतलं.

मग सेक्रेटरी आमच्याकडे आले. मागे सून. सेक्रेटरी ह्यांना म्हणाले, काका, तुम्ही खात्यातले, पाच मिनिटं द्या फक्त. पाच मिनिटं म्हणजे काय हे कुणी उलगडून सांगितलं नाही. हे म्हणाले, मी आता ते काम करत नाही. सेक्रेटरी म्हणाले, अहो काम कुठं, नुसतं समोर उभे राहा.

सून पुढे झाली. "काका, तुमच्या एका शब्दानं बोलेल तो."

"शब्दानं बोलेल असं तू म्हणत नाहीयेस, बेटा," हे म्हणाले.

तिनं पुन्हा घड्याळ बघितलं. मग हे म्हणाले, येतो. आत गेले आणि बनियनवर शर्ट घालायला लागले. मी बघत होते. एरवी हा माणूस शर्ट घालून जिना उतरेपर्यंत मला चप्पल सापडत नाही. त्या दिवशी त्यांनी एकेक बटण लावलं, बाह्या खाली केल्या, परत वर दुमडल्या. नंतर एकदा स्वतःहूनच म्हणाले, मला वाटत होतं मी उशिरा पोहोचावं. एवढंच म्हणाले.

हे खाली पोहोचेपर्यंत तिथल्या लोकांनी वाट बघितली नव्हती. तो माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत डाव्या कानावर हात दाबून बसला होता. मुलगा भिंतीला टेकून उभा, स्वतःचाच हात चोळत. तो बँकेतला मुलगा. गणपतीत आरतीला उभा राहतो, कुणाशी वर आवाज करून बोललेला मी ऐकला नव्हता.

"बोलला," सेक्रेटरी म्हणाले. "कांदिवली. बहिणीकडे नेऊन ठेवलंय."

ह्यांनी विचारलं, "कांदिवली आधी कोण म्हणालं?"

"म्हणजे?"

"त्याच्या तोंडून आधी आलं, की तुमच्या?"

सेक्रेटरी जरा वैतागलेच. म्हणाले, अहो, आम्हीच विचारलं ना, की तुझी बहीण कांदिवलीला राहते, तिकडेच नेलंस ना. तीनदा नाही म्हणाला, चौथ्यांदा हो म्हणाला.

"मग ती तुमचीच कांदिवली झाली."

"काका, आता कोर्टातलं नका बोलू," मुलगा म्हणाला, आणि गाडीची किल्ली घेऊन निघाला. सेक्रेटरी त्याच्याबरोबर गेले. घाटकोपरहून कांदिवली म्हणजे जोडरस्त्यानं पवईवरून हायवेला लागायचं, आणि संध्याकाळची गर्दी सुरू झालेली.

हे तिथंच थांबले. त्या माणसाला पाणी दिलं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि नीट, हळू आवाजात विचारलं, बाबा कुठे आहेत. तो म्हणाला, कांदिवली. परत विचारलं. कांदिवली. ह्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं, पण हे कुठल्या खात्यातले आहेत ते त्याला माहीत होतं. ह्यांच्याकडे बघितलं की पाण्याचा पेला धरलेला त्याचा हात मागे जायचा. कसलेल्या पोलिसानं गोड बोलून सत्य काढलं अशी गोष्ट मला इथं सांगता आली असती तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही.

इकडे वर मी सुनेबरोबर होते. मी म्हटलं, तू दोन घास खा, नाहीतर बाबांच्या आधी तूच पडशील. ती स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरून ताटली काढायला हात वर केला आणि तशीच थांबली.

"काकू, बाबांचा डबा?"

दोन पुडांचा स्टीलचा जुना डबा, बाबा कारखान्यात न्यायचे तो. ती म्हणाली, दर शनिवारी मी मांडणी पुसते, तो तिथंच असतो. बाबांना दुपारी घरात ताटावर वाढतात, डबा कशाला लागेल? मग ती धावत बाबांच्या कपाटाकडे गेली. कंपनीचा करड्या रंगाचा शर्ट, बाबांच्या हट्टामुळे टाकून न दिलेला, तोही नव्हता. रिकामा हँगर होता. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "काकू, तो त्यांना ड्युटीवर नेतोय."

आम्ही दोघी खाली गेलो. तिनं त्या माणसासमोर उभं राहून विचारलं, मरोळला नेलं होतंस? त्यानं मान हलवली आणि रडायला लागला.

मला वाटलं, सुटलं. हे म्हणाले, "थांब. हेही त्याच्या तोंडात आपणच घातलंय. मघाशी कांदिवलीलाही हो म्हणाला होता."

सून म्हणाली, "काका, मी त्याच्या हो म्हणण्यावर नाही चाललेय. डब्यावर चाललेय."

मग आम्ही तिघं आणि तो माणूस, असे मेट्रोनं निघालो. मेट्रोत तो बंद असलेला नळ सुटावा तसा बोलायला लागला. ड्युटीला नेतो म्हटलं की बाबा कसे शहाण्यासारखे अंघोळ करतात, मेट्रोत दाराजवळची जागा मिळाली की कसे खूश होतात. कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत आहे. तिच्या गेटबाहेर चहाची टपरी, तिथल्या बाकड्यावर बाबांना बसवायचं, डबा खाऊ घालायचा आणि दुपारी परत आणायचं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. त्या दिवशी गावाहून त्याच्या मुलीचा फोन आला. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला. परत आला तर बाकडं रिकामं. मेट्रो स्टेशनपर्यंत शोधत गेला, आणि मग घाबरून एकटाच परत आला.

सुनेनं मधेच मुलाला फोन लावला. तो कांदिवलीत पोहोचला होता. बहिणीची खोली बघून झाली होती. बहीण घाबरून शेजाऱ्यांना हाका मारत होती. मरोळवरूनच तो गेला होता म्हटलं तरी चालेल, आडवाटेला वळलं की तिथंच.

बाबा इमारतीच्या मागच्या बाजूला सापडले. तिकडे जुनं गेट आहे, कारखान्याचं होतं तेच, आता माल उतरवायला वापरतात. शेजारच्या छापखान्याच्या सिक्युरिटीवाल्यानं त्यांना स्वतःची खुर्ची दिली होती. डब्यातलं अर्धंमुर्धं खाल्लेलं. घामानं शर्ट चिकटलेला, ओठ पांढरे. सुनेनं पर्समधून साखर काढून त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी चघळली, पण उठेनात. म्हणाले, रिलीव्हर आला नाही अजून. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं शिल्लक होतं. आम्ही समजावलं, सुनेनं हात जोडले. शेवटी ह्यांनी आणि सिक्युरिटीवाल्यानं दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि रिक्षात घातलं. बाबा ओरडत होते, कोपर खरचटलं. त्या गोंधळात तो माणूस लांबच उभा राहिला. कानावर हात तसाच. त्याला कुणी काही विचारलं नाही.

बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं, दोन दिवसांनी घरी आले. त्या माणसाला हे सरकारी इस्पितळात घेऊन गेले. कानाचा पडदा फाटला होता. सेक्रेटरींनी ह्यांना फोन करून सुचवलं होतं की जिन्यात पडला म्हणून सांगा. ह्यांनी डॉक्टरला सांगितलं, मारल्यामुळे फाटलाय, कागदावर तसंच लिहा. तेव्हापासून सेक्रेटरी लिफ्टमध्ये आमच्याकडे पाठ करून उभे राहतात. हवं तेवढे दिवस उभे राहू देत.

त्या इस्पितळाच्या रांगेत बसल्यावर ह्यांनी त्याला विचारलं होतं, कॅमेऱ्यात दिसलं तेव्हाच मरोळ का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगणारच होतो साहेब. तोंड उघडलं आणि पहिली बसली. मग वाटलं, आता खरं बोललो तर त्या लोकांना वाटणार मारल्यामुळं निघालं, अजून मारलं तर अजून निघेल. कांदिवलीला का हो म्हणालास? ते लांब आहे, तो म्हणाला. जाऊन येईपर्यंत तेवढा वेळ मार थांबेल.

माझी नात वकिलीचं शिकते. शनिवारी राहायला आली आणि हे सगळं ऐकून पेटलीच. त्यानं तक्रार केली पाहिजे, आबा, तुम्ही साक्ष दिली पाहिजे. हे म्हणाले, त्यानं केली तर देईन. त्यानं केली नाही. त्याला पुढचं काम ह्याच शहरात शोधायचं होतं, आणि ब्युरोनं त्याला आधीच काढून टाकलं होतं.

नेमका त्याच वेळी समोरचा मुलगा आला, बाबांच्या औषधाची चिठ्ठी दाखवायला. चिठ्ठी निमित्तच होती. तो बसला, आणि नातीनं त्याच्यासमोरच बोलणं चालू ठेवलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, मी चुकलो. पण समजा त्यानं खरंच बाबांना कुठं कोंडून ठेवलं असतं, तर? तेव्हाही मी चहा पाजत बसायचं होतं का?

नात म्हणाली, आमच्या सरांनी याहून मोठं उदाहरण दिलंय. समजा ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात कुणी बॉम्ब ठेवलाय, घटकाभरात फुटणार, आणि ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे. अख्खं शहर एका बाजूला, एक माणूस एका बाजूला. अर्धा वर्ग म्हणाला मारा, अर्धा म्हणाला तरीही नाही. "आबा, तुम्ही सांगा. मारून माणूस खरं बोलतो की नाही?"

मला वाटलं हे नेहमीसारखे उठून गॅलरीत जातील. गेले नाहीत.

"बोलतो," हे म्हणाले. "कधी कधी बोलतो. एकानं पट्ट्याखाली सांगितलं, अमक्या विहिरीत दागिने टाकलेत, आणि होते. दुसऱ्या एकानं तीन घरफोड्या कबूल केल्या, त्यातली एकही त्याची नव्हती. खरा चोर नंतर दुसरीकडे सापडला. दोघं रडले सारखेच. आम्हाला ऐकताना फरक कळला नाही."

"पण बॉम्बचं काय?"

"तुझ्या सरांच्या गोष्टीत एक गोष्ट आधीच ठरलेली आहे, की त्या माणसाला माहीत आहे. आमच्याकडे तेवढंच कधी ठरलेलं नसायचं. ज्याला काही माहीतच नाही तो मार थांबवू कसा शकेल? तो मार खात राहतो आणि आपल्याला वाटतं हा पक्का आहे."

मुलगा म्हणाला, "पण माझ्या माणसाला माहीत होतं, काका. तो खोटं बोलत होता."

"होतं. आणि तरी तू कांदिवलीला गेलास."

मुलगा चिठ्ठीची घडी घालायला लागला. नातीचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती म्हणाली, आबा, म्हणजे माहीत असल्याची खात्री असती तर चाललं असतं का? तिला तेच हवं होतं, हो किंवा नाही. हे म्हणाले, "मी ते काम करून घरी आलो की आधी हात धुवायचो, हे तुझ्या आजीला विचार. ज्या दिवशी माल सापडायचा त्या दिवशीही धुवायचो." मग ते उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

बाबांचं मात्र पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. गोळ्या त्याच, मात्राही तीच, आणि रोज सकाळी दारावर धक्के, ड्युटी, ड्युटी. गोळीचं नाव लिहून घेतलेल्या बाईंनी मला विचारलं, गुण येतो ना हो? मी म्हटलं, बघा बाई तुमचं तुम्ही. ब्युरोनं दुसरा माणूस पाठवला. बाबांनी त्याला चावलं. तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं की शांत कशानं झाले होते. सून माझ्याकडे आली. म्हणाली, काकू, तुम्ही त्याच्या गावाकडच्या, तुम्ही चला, आपण त्याला परत बोलावू.

रविवारी मुलानं गाडी काढली. कांदिवलीला पोहोचल्यावर म्हणाला, तुम्ही जाऊन या वर, मी खाली थांबतो.

बहिणीनं दार उघडलं आणि सुनेला बघून तिचा चेहराच बदलला. आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. तो उठून आला, मला वाकून नमस्कार केला आणि स्वतःच चटई घातली. आम्ही डावीकडे बसलो तर तो उठून जागा बदलून बसला, उजवा कान आमच्याकडे येईल असा. सुनेनं त्याच्यापुढे हात जोडले. तुझ्यासारखं कुणी सांभाळलं नाही, ये परत, तू म्हणशील तसं.

तो म्हणाला, ताई, मी नाही येणार. त्या ऑफिसावरूनच जिना चढावा लागतो.

सुनेनं आग्रह केला नाही. उठायला लागली, तर तो म्हणाला, बसा, चहा घ्या, बाबांचं सांगतो. आणि सांगायला लागला. अंघोळीचं पाणी किती कढत. शर्टाची गुंडी त्यांची त्यांना लावू द्यायची, वेळ लागला तरी. डब्यात भाजी सुकी, पातळ असली की सांडली म्हणून रडतात. मेट्रोच्या जिन्यावर उजव्या हाताला राहायचं. टपरीवाला चांगला आहे, त्याला आधी सांगून ठेवायचं. "आणि घरी चला असं नाही म्हणायचं, ताई. जवळ जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, मी रिलीव्हर आलोय. मग ते हात पुसतात आणि निघतात." सून फोनवर लिहून घेत होती आणि मधेमधे पदरानं फोन पुसत होती. बहीणही शेवटी खाली बसली. तिनं मला साखरेचा डबा दाखवून खुणेनंच विचारलं, किती घालू.

निघताना तो आम्हाला पोहोचवायला खाली आला. मुलगा गाडीला टेकून उभा होता. आम्हाला बघून पुढे झाला आणि मान खाली घालून बोलला. मी बाजूलाच होते, मला ऐकू आलं. जे बोलायला पाहिजे तेच बोलला. पण तो डाव्या बाजूला उभा होता, आणि त्या माणसाचं लक्ष सुनेकडे होतं. त्याला कळलंच नाही कुणी काही म्हटलं ते.

सून हळूच म्हणाली, "अहो, त्या बाजूनं."

मुलगा वळसा घालून उजवीकडे गेला. तो माणूस आता त्याच्याकडे बघत होता, मान जराशी तिरकी करून, वाट बघत. मुलाचे ओठ हलले. दुसऱ्यांदा त्याला ते जमेना.

"बाबांना," तो म्हणाला, "बाबांना घ्यायला कुठल्या गेटवर उभं राहायचं?"

"मागच्या," तो माणूस म्हणाला. "पुढचं आपल्याला उघडत नाहीत, टपरीवरून उठले की ते मागेच जाणार. छापखान्याच्या समोर उभे राहा, ते लांबून ओळखतील. नाहीच ओळखलं तर मला फोन लावून द्या त्यांच्या हातात."